एनएफएल ड्राफ्ट २०२५: टेप बघायची की फुटपट्टी? (वॉर्ड, शेडूर, हंटर, जेंटी आणि बाकी मंडळी)

नॅशव्हिलचा_नाना | ८ एप्रिल २०२५

नमस्कार मंडळी. ड्राफ्टला (अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या टीमा कॉलेजातली पोरं निवडतात तो) दोन आठवडे राहिले, २४ तारखेला ग्रीन बेला पहिला राऊंड, आणि यंदा निवडीचा पहिला नंबर आमच्या टेनेसी टायटन्सचा असल्यामुळे घरात मी सोडून कुणाला काही पडलेली नसली तरी मला झोप नाही. ३-१४ असा सीझन काढल्याचं बक्षीस. ब्राउन्स आणि जायंट्स पण ३-१४च होते, पण आमचं वेळापत्रक त्यांच्याहून सोपं होतं, म्हणजे सोप्या टीमांशी खेळून आम्ही एवढे हरलो, म्हणून पहिला मान आमचा.

आमचा इतिहास माहीत नसेल त्यांच्यासाठी: २००६ विन्स यंग, तिसरा नंबर. २०११ जेक लॉकर, आठवा. २०१५ मार्कस मरियोटा, दुसरा. तिघेही क्वार्टरबॅक (पास फेकणारा, टीम चालवणारा), तिघांचीही एप्रिलमध्ये प्रचंड हवा, आणि तिघांतल्या एकालाही टायटन्सने दुसरं मोठं कॉन्ट्रॅक्ट द्यावं अशी वेळ आली नाही. २०२३ ला विल लेविस दुसऱ्या राऊंडात घेतला, त्याचं काय झालं ते लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

आता कॅम वॉर्ड. हायस्कूलमध्ये याला एकही स्टार नव्हता, टेक्सासमधल्या त्याच्या शाळेची टीम सारखी पळतच असायची त्यामुळे पास टाकायला मिळायचे नाहीत, आणि शेवटी इन्कार्नेट वर्ड नावाच्या छोट्या कॉलेजने स्कॉलरशिप दिली. तिथून वॉशिंग्टन स्टेट, तिथून मियामी. गेल्या सीझनला ४३१३ यार्डांचे पास आणि ३९ टचडाऊन पास (ज्यांवर थेट सहा पॉइंट). जानेवारी २०२४ मध्ये ड्राफ्टला नाव दिलं होतं, मग मागे घेतलं आणि मियामीला गेला, त्या एका वर्षाने कुठला कुठे पोचला.

माझी बघायची पद्धत सांगतो, पटली तर घ्या. ठरलेली प्ले (चाल) ठरल्यासारखी झाली तर कॉलेजातला कुठलाही बरा क्वार्टरबॅक देखणा दिसतो, कारण कोचने आधीच अर्धं काम केलेलं असतं आणि पहिला रिसीव्हर (पास झेलणारा) मोकळाच उभा असतो. मी मोडलेल्या प्ले बघतो. पहिला माणूस कव्हर झालाय, डावीकडून कुणीतरी अंगावर येतोय, आता पोरगं काय करतंय? डोळे वर आहेत का खाली गेले, बॉल दोन्ही हातांत आहे का, पळायचं का फेकायचं का सोडून द्यायचं. वॉर्ड यात भारी आहे आणि यातच भयंकर पण आहे. कॅलिफोर्नियाविरुद्ध १०-३५ असे मागे होते, तिथून ३९-३८ जिंकवली. आणि जॉर्जिया टेकविरुद्ध शेवटच्या ड्राइव्हला, जिंकायची संधी असताना, मागून येणारा दिसला नाही आणि बॉल हातातून गेला. दोन्ही मॅच बघा, एकच माणूस आहे हे लक्षात ठेवून बघा.

चर्चा फक्त वॉर्डची नको, सगळ्यांची करू. पण एक अट, "अमुक वेबसाइटवर अमुक ग्रेड आहे" एवढंच लिहू नका, तुम्ही स्वतः काय बघितलं ते लिहा.

---

रंकाळ्यावरचा | ८ एप्रिल

रुमाल टाकून ठेवतो. नाना मी कोल्हापुरात बसून पहाटे उठून बघणारा माणूस आहे, गेली तीन वर्षं लय नाद लागलाय पण कॉलेजचं काय कळत नाही. हा आयपीएलसारखा लिलाव आहे का? आणि पोरगं म्हणालं मला त्या टीमला जायचं नाही तर?

---

नॅशव्हिलचा_नाना | ८ एप्रिल

@रंकाळ्यावरचा लिलाव नाही भावा, पैशाची बोली नाहीच. ३२ टीमा, सात राऊंड, जी जास्त हरली ती आधी निवडणार. नंबर आपसात विकता-बदलता येतात, त्याचीच सगळी मजा. पगार नंबरावर ठरलेला. हे २०११ च्या करारापासून, त्याआधी म्हणजे २०१० ला सॅम ब्रॅडफर्डला एकही मॅच न खेळता सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर आणि त्यातले ५ कोटी गॅरंटीड. यंदाच्या पहिल्या नंबरला चार वर्षांत सगळे मिळून त्या गॅरंटीएवढेसुद्धा पडणार नाहीत. आणि डॅक प्रेस्कॉटला एका वर्षाचे ६ कोटी. म्हणून स्वस्तातला चांगला क्वार्टरबॅक सापडला की चार वर्षं बाकीच्या टीमवर खर्च करता येतो, आणि म्हणूनच सगळे त्या जागेसाठी वेडे होऊन चुका करतात.

नाही म्हणता येतं पण तेवढी पत लागते. १९८३ ला जॉन एलवे कोल्ट्सला नाही म्हणाला, २००४ ला इलाय मॅनिंग चार्जर्सला. दोघांचंही ऐकलं गेलं. सातव्या राऊंडातल्या पोराने असं म्हटलं तर फोन ठेवून देतील.

कॉलेजचं एवढंच लक्षात ठेव, हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय नाव देता येत नाही.

---

आकडेमोडे_बाई | ८ एप्रिल

धागा छान. पण नाना, "मोडलेल्या प्ले" ची अडचण ही की त्या कमी असतात. एका सीझनमध्ये शे-दीडशे. त्यातून तुम्हाला आवडलेल्या दहा आठवणार आणि कॅलिफोर्नियाची मॅच तर सगळ्यांनाच आठवते. वॉशिंग्टन स्टेटच्या दोन वर्षांतला वॉर्ड पण बघा, तिथे तो याच प्ले जास्त हरतो. सुधारलाय म्हणायचं का आजूबाजूला मियामीचे चांगले खेळाडू आले म्हणायचं, हे टेपवरून (मॅचच्या रेकॉर्डिंगवरून) कसं वेगळं काढणार?

एक गोष्ट मात्र नाना म्हणतात त्याच्या जवळची आहे आणि ती मोजता येते. क्वार्टरबॅकवर दबाव आला तर त्यातला किती वेळा तो सॅक होतो (फेकायच्या आधीच पाडला जातो). सॅकचा दोष लोक लाइनवर (त्याच्यापुढे उभ्या राहणाऱ्या रक्षकांवर) टाकतात, पण टीम बदलली, लाइन बदलली तरी क्वार्टरबॅकचा हा आकडा बराचसा त्याच्याबरोबर प्रवास करतो. कोलोराडोचा क्वार्टरबॅक शेडूर सँडर्स, त्याच्या बाबतीत मला हीच भीती आहे. कोलोराडोच्या दोन सीझनला ५२ आणि ४२, म्हणजे ९४ सॅक. लाइन वाईट होती हे खरंच. पण टेप बघितलीत तर दिसेल की बऱ्याच वेळा तो मागे मागे सरकत जातो, जिथे चार यार्ड गेले असते तिथे चौदा जातात.

---

हरिकेन_हर्षदा | ९ एप्रिल

मियामीत शिकलेली असल्याने मी न्यूट्रल नाही हे आधीच सांगते 😀

वॉर्डवर एकच खरा आक्षेप आहे आणि तो नानांनी लिहिला. बाकीचं काय तर पॉप-टार्ट्स बोलमध्ये (सीझन संपल्यावरची जादा मॅच) हाफटाइमला बाहेर बसला. हो बसला. पहिल्या हाफमध्ये तीन टचडाऊन टाकले, करिअरच्या टचडाऊन पासांचा डिव्हिजन वनचा रेकॉर्ड केला, मग बसला, आणि टीम आयोवा स्टेटशी ४१-४२ हरली. तेव्हा मी पण चिडले होते. पण सगळे मोठे खेळाडू असल्या बोलमधून पूर्णच माघार घेतात त्यांना कुणी काही बोलत नाही, हा निम्मा तरी खेळला तर याच्या निष्ठेवर लेख!! पाय मोडला असता तर लेख लिहिणाऱ्यांनी भरून दिलं असतं का?

आणि आकडेमोडे बाई, सिरॅक्यूजविरुद्ध २१-० पुढे असून ३८-४२ हरलो ती मॅच बघा. आमचा डिफेन्स काय होता ते कळेल. प्रत्येक मॅचला चाळीस पॉइंट करावे लागणार हे माहीत असलेला पोरगा रिस्क घेणारच.

---

तिरकस_तात्या | ९ एप्रिल

एवढा अभ्यास करून शेवटी काय? टॉम ब्रेडी १९९ व्या नंबरला गेला, ब्रॉक पर्डी २६२ वा म्हणजे अगदी शेवटचा. ३२ टीमांचे शेकडो स्कॉट झोपले होते. सगळी थोतांडं आहेत, चिठ्ठ्या टाका.

(काडी टाकून पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.)

---

आकडेमोडे_बाई | ९ एप्रिल

तात्या, काडी पेटली, घ्या.

ब्रेडी २००० साली गेला. पंचवीस वर्षं तुम्ही लोक एकच नाव घेताय यातच उत्तर आहे. सहाव्या-सातव्या राऊंडातले बहुतेक जण दोन-तीन वर्षांत लीगच्या बाहेर असतात, त्यांची नावं तुम्हाला आठवत नाहीत. पहिल्या राऊंडातले सरासरीने खूप चांगले निघतात. म्हणजे स्कॉटना राऊंड साधारण कळतो. कळत नाही ते शेजारच्या दोघांतला कोण. मॅसी आणि थेलर यांनी (थेलर म्हणजे २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेलवाले) हेच तपासलं होतं, एकाच पोझिशनचे लागोपाठ घेतलेले दोन खेळाडू घ्या, आधी घेतलेला सरस निघायची शक्यता नाणं उडवण्यापेक्षा किंचितच जास्त. आणि तरी टीमा एक नंबर वर सरकायला पुढच्या वर्षाचे पहिले राऊंड उधळतात. २०२१ ला फोर्टीनाइनर्सनी ट्रे लान्ससाठी तीन पहिले राऊंड दिले, त्याच्या कॉलेजात पूर्ण सुरुवातीपासून खेळलेल्या मॅच १७. दोन वर्षांनी चौथ्या राऊंडाच्या बदल्यात डॅलसला दिला. आणि तोवर तिथे खेळत कोण होतं? तुमचा तो २६२ वा.

म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत, जास्त चिठ्ठ्या गोळा करायच्या. खाली सरका, नंबर वाढवा.

---

बोस्टनचे_बापू | १० एप्रिल

आम्हा पेट्रियट्सवाल्यांकडे सध्या एकच विषय, हात. एलएसयूचा (लुइझियाना स्टेट) लेफ्ट टॅकल (लाइनच्या डाव्या टोकाचा रक्षक) विल कॅम्पबेल. पहिल्या वर्षापासून एसईसीमध्ये (कॉलेजांचा एक तगडा गट) स्टार्टर, तीन वर्षं त्या कॉन्फरन्सच्या राक्षसांना अडवलं, आणि कंबाइनला (ड्राफ्टआधीची चाचणी) हाताची लांबी भरली ३२ आणि पाच अष्टमांश इंच. झालं. ३३ पाहिजे होती. लगेच "हा टॅकल नाही, गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा) आहे". मग कॉलेजच्या प्रो डेला मोजली तर बरोबर ३३. पाव इंचाहून जास्त वाढले की हो हात महिनाभरात, काय खातो विचारा.

लांब हाताचा उपयोग कळतो मला. एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर धावून येणारा) वळसा घालून येतो तेव्हा ज्याचा हात आधी छातीला लागला तो जिंकला. पण मग तीन वर्षं हा कसा जिंकत होता ते सांगा ना. पाय. याचे पाय फार झपझप आहेत, हाताने गाठायच्या आधी हा तिथे उभा असतो. चार्जर्सचा रशॉन स्लेटर २०२१ चा, त्याचे पण ३३च होते, प्रो बोलला (लीगच्या निवडक खेळाडूंत) गेला.

---

आकडेमोडे_बाई | १० एप्रिल

आणि स्कोरोन्स्की? ३२ आणि पाव, २०२३ ला अकरावा नंबर, नानांच्याच टायटन्सनी घेतला आणि गार्डला खेळवला. बापू, उदाहरणं दोन्ही बाजूंनी मिळतात.

---

बोस्टनचे_बापू | १० एप्रिल

मिळतात, म्हणूनच म्हणतो फुटपट्टी बाजूला ठेवा आणि रिपीटेशन बघा. वेगाने बाहेरून येणाऱ्यांशी कसा, आणि ताकदीने सरळ छातीवर येणाऱ्यांशी कसा. माझ्या मते पहिल्यात उत्तम, दुसऱ्यात एक-दोन पावलं मागे ढकलला जातो पण बसत नाही, सावरतो. आमचा क्वार्टरबॅक ड्रेक मे, त्याच्या डाव्या बाजूला गेल्या वर्षी जे उभं होतं त्यापुढे मला हे चालेल.

---

रंकाळ्यावरचा | १० एप्रिल

कंबाइन म्हणजे नेमकं काय करत्यात तिथं? मी तुकडे बघितलेत फक्त, चड्डीवर पळत्यात ते.

---

नॅशव्हिलचा_नाना | १० एप्रिल

इंडियानापोलिसला फेब्रुवारीच्या शेवटी, तीनशेच्या वर पोरं बोलावतात. उंची, वजन, हात, पंजा. मग ४० यार्ड पळणे (साडेछत्तीस मीटर समज), १०२ किलोचा बार किती वेळा उचलतो, उभी उडी, लांब उडी, शंकूंभोवती वळसे. टीव्हीवर ४० यार्डच दाखवतात. गेल्या वर्षी झेवियर वर्दी ४.२१ पळाला, आजवरचं सगळ्यात वेगवान. त्याआधीचा रेकॉर्ड जॉन रॉसचा ४.२२, त्यावर २०१७ ला नववा नंबर मिळाला आणि पुढे काही झालं नाही. त्याच वर्षी कूपर कप ४.६२ पळाला म्हणून तिसऱ्या राऊंडात गेला आणि २०२१ ला रिसेप्शन, यार्ड, टचडाऊन तिन्हीत लीगमध्ये पहिला.

माझं आवडतं उदाहरण डीके मेटकाफ. २०१९. एवढ्या धिप्पाड देहाने ४.३३ पळाला, सगळे वेडे झाले, मग तीन शंकूंच्या ड्रिलमध्ये ७.३८. म्हणजे टॉम ब्रेडीपेक्षा हळू!! लोकांनी नाकं मुरडली, ६४ वा गेला. आता सीहॉक्सना विचारा स्वस्तात मिळाला का. त्याला शंकूंभोवती फिरायचं नव्हतंच, त्याला सरळ पळायचं होतं. आपल्या टीमला याच्याकडून काय करून घ्यायचंय हे ठरवल्याशिवाय कुठल्याही आकड्याला अर्थ नाही.

इंटरव्ह्यू हा प्रकार मात्र अस्सल कांदेपोहे. अठरा मिनिटं, समोर दहा माणसं, पोराला एजंटने सगळी उत्तरं पाठ करून पाठवलेलं. आणि त्यावरून "स्वभाव" ठरवायचा. २०२३ ला सीजे स्ट्राउडच्या बुद्धिचाचणीचे कमी मार्क बाहेर फुटले, किती चर्चा, आणि तोच त्या वर्षीचा सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह रूकी (पहिल्या वर्षाचा खेळाडू). रॅम्सचे कोच आणि जीएम (खेळाडू निवडणारे मॅनेजर) तर हल्ली कंबाइनला जातच नाहीत. पुका नाकुआ त्यांनी पाचव्या राऊंडात १७७ वा उचलला आणि पहिल्याच वर्षी १४८६ यार्ड, रूकी रेकॉर्ड.

---

हाडवैद्य | ११ एप्रिल

क्लीव्हलंडहून, म्हणजे दुःखाची सवय असलेला प्रतिसाद.

कंबाइनची थट्टा करताय पण सगळ्यात महत्त्वाचा भाग कॅमेऱ्यासमोर होतच नाही, तो हॉस्पिटलात होतो. ३२ टीमांचे डॉक्टर एकाच पोराचा गुडघा ओढून बघतात, एमआरआय, हार्ट, सगळं. मुळात कंबाइन सुरूच झालं ते या तपासण्या एका ठिकाणी व्हाव्यात म्हणून. २०१८ ला मिशिगनचा मॉरिस हर्स्ट, हृदयाचं काहीतरी दिसलं, ड्रिल न करता घरी पाठवला, पहिल्या राऊंडातला मानला जाणारा पोरगा पाचव्यात गेला. खेळला नंतर व्यवस्थित.

यंदा पेन स्टेटचा अब्दुल कार्टर. एज रशर, माझ्या मते या ड्राफ्टमधला सगळ्यात चांगला डिफेन्सिव्ह खेळाडू. प्लेऑफला खांदा दुखावला होता आणि आता उजव्या पावलात स्ट्रेस रिअ‍ॅक्शन सापडली. लोक फ्रॅक्चर समजून बसलेत. तसं नाही, हाड सततच्या भाराने थकलंय आणि आतून सुजलंय पण रेघ गेलेली नाही अशी ही पायरी. विश्रांतीने बरं होतं, नाही झालं तर स्क्रू घालतात. ऑपरेशन आत्ता करायचं नाही असं त्याने ठरवलंय. वीस-एकवीस वर्षांचं हाड आहे, मी असतो तर यावरून एक नंबरसुद्धा खाली नेला नसता. पण हा माणूस पहिल्या पावलाच्या स्फोटावर जगतो आणि ते पाऊल तेच, त्यामुळे ज्या टीमचा डॉक्टर घाबरट असेल ती पुढे जाईल.

आमचा म्हणजे ब्राउन्सचा नंबर दुसरा. माझं मत ट्रॅव्हिस हंटर घ्या आणि गप्प बसा.

---

नॅशव्हिलचा_नाना | ११ एप्रिल

@हाडवैद्य हंटरला कुठे खेळवणार? वाइड रिसीव्हर का कॉर्नर (रिसीव्हरला अडवणारा)?

---

हाडवैद्य | ११ एप्रिल

दोन्ही. हाइजमन (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) त्यासाठीच मिळालाय ना. गेल्या सीझनला ९६ कॅच, १२५८ यार्ड, १५ टचडाऊन, आणि दुसऱ्या बाजूला ४ इंटरसेप्शन (समोरच्यांचे पळवलेले पास). चौदाशेच्या वर स्नॅप (एकेक चाल) खेळला.

---

आकडेमोडे_बाई | ११ एप्रिल

डॉक्टर, तुम्ही डॉक्टर असून हे लिहिताय? कॉलेजच्या तेरा मॅच आणि एनएफएलच्या सतरा. समोर सगळे पुरुषभर वजनाचे. शिवाय प्रश्न फक्त दमायचा नाही, मीटिंगचा आहे. आठवडाभर रिसीव्हरांची मीटिंग आणि कॉर्नरांची मीटिंग एकाच वेळी चालते, माणूस एक.

माझ्या मते टीमने आधी कॉर्नर म्हणून नक्की करावं आणि रिसीव्हरचे पंधरा-वीस स्नॅप द्यावेत. कॉर्नर म्हणून त्याची एक गोष्ट दुर्मिळ आहे, तो रिसीव्हरच्या डोक्याने विचार करतो, रूट (रिसीव्हरची पळायची ठरलेली वाट) फुटायच्या आधी तिथे पोचतो.

---

हरिकेन_हर्षदा | ११ एप्रिल

उलट! कॉर्नर चांगला असला तर समोरचे त्याच्याकडे बॉलच टाकत नाहीत. रिसीव्हर केलं तर तुम्ही ठरवता बॉल किती वेळा द्यायचा. बॉल हवेत असताना याच्याइतकं शांत शरीर मी कुणाचं बघितलं नाही.

---

तिरकस_तात्या | १२ एप्रिल

रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) जेंटीबद्दल कुणीच बोलत नाही. बॉईझी स्टेट. २६०१ यार्ड एका सीझनला, बॅरी सँडर्सचा १९८८ चा २६२८ चा रेकॉर्ड फक्त २७ यार्डांनी हुकला. पण तुम्ही अभ्यासू लोक म्हणणार "रनिंग बॅकला व्हॅल्यू नाही". आत्ता फेब्रुवारीत ईगल्सनी रनिंग बॅक बार्कलीच्या जोरावर सुपर बोल घेतला, जेमतेम दोन महिने झाले.

---

आकडेमोडे_बाई | १२ एप्रिल

बार्कली उदाहरण म्हणून घ्या पण पूर्ण घ्या. २०१८ ला दुसऱ्या नंबरला ज्यांनी घेतला त्या जायंट्सना सहा वर्षांत काय मिळालं? २००५ यार्ड झाले ते दुसऱ्यांकडे, लीगमधल्या सगळ्यात चांगल्या लाइनमागे, आणि ईगल्सनी त्याच्यासाठी ड्राफ्टचा एकही नंबर खर्च केला नाही.

---

नॅशव्हिलचा_नाना | १२ एप्रिल

जेंटीवर मी दोन पूर्ण मॅच बघितल्या, ओरेगन आणि पेन स्टेट, कारण बाकीच्या कॉन्फरन्सचे डिफेन्स बघून काही कळत नाही. ओरेगनविरुद्ध १९२ यार्ड, तीन टचडाऊन, मॅच तीन पॉइंटांनी गेली. पेन स्टेटविरुद्ध प्लेऑफला ३० वेळा बॉल दिला आणि १०४. आकडा बघून वाटेल अडवला. पण टेप बघा, हँडऑफ होतो (हातात बॉल मिळतो) तेव्हाच समोरच्यांची दोन माणसं आत घुसून उभी, आणि तरी तो त्यातून तीन यार्ड काढतो. उंची ५ फूट ८, वजन ९५ किलोच्या आसपास, सगळं वजन कमरेखाली. धक्का लागला की बाकीचे तिरके होतात, हा बसल्यासारखा होतो आणि पुन्हा उभा.

चिंता एकच, ३७४ वेळा बॉल नेलाय एका सीझनला. टायर झिजलेत का ते डॉक्टर सांगतील.

अवांतर: फुटबॉल खेळायला हा इटलीत शिकला, वडील नेव्हीत होते, नेपल्सच्या अमेरिकन शाळेत.

---

रंकाळ्यावरचा | १२ एप्रिल

वाचतोय, लय भारी चाललंय. भारतात पहिला राऊंड शुक्रवारी पहाटे साडेपाचला. चहा टाकून बसणार.

---

हाडवैद्य | २५ एप्रिल

झोपला नाहीत ना कुणी? आम्ही हंटर सोडला!!! जॅग्वार्सना दुसरा नंबर दिला, ५ वा, ३६ वा, १२६ वा आणि पुढच्या वर्षीचा पहिला राऊंड घेतला, दोन खालचे नंबर त्यांना दिले. आणि पाचव्यावर मिशिगनचा मेसन ग्रॅहम. आकडेमोडे बाईंनी फोन केला होता का आमच्या ऑफिसात?

---

आकडेमोडे_बाई | २५ एप्रिल

मी नाही, पण ज्याने केला त्याला माझा नमस्कार सांगा. रॅम्सच्या शाळेतून आलेला चौतीस वर्षांचा जीएम ग्लॅडस्टोन पुढच्या वर्षीचा पहिला राऊंड देतो हे मला अपेक्षितच होतं, ती सगळी मंडळी पहिल्या राऊंडाला रद्दी समजतात.

---

बोस्टनचे_बापू | २५ एप्रिल

कॅम्पबेल चौथा. हात ३३ आहेत असं मी धरून चालतो. कार्टर तिसरा, जायंट्स, म्हणजे डॉक्टर म्हणाले तसं पावलाने काही अडलं नाही.

---

नॅशव्हिलचा_नाना | २५ एप्रिल

वॉर्ड आला. नाव वाचल्यावर बायकोने विचारलं "हा चांगला आहे का?" मी म्हटलं सिरॅक्यूजची मॅच दाखवतो, ती उठून गेली.

जेंटी सहावा, रेडर्स. तात्या खूश असतील.

पण रात्रभर डोक्यात दुसरंच. पहिला राऊंड संपला, जॅक्सन डार्ट २५ वा गेला आणि शेडूर नाही.

---

हरिकेन_हर्षदा | २७ एप्रिल

शेडूर सँडर्स १४४. पाचवा राऊंड. शनिवारी. मी तीन दिवस बघत होते आणि दर राऊंडला वाटायचं आता. वॉर्ड, डार्ट, शफ, मिलरो, गॅब्रिएल, पाच क्वार्टरबॅक आधी गेले. ७४ टक्के पास पूर्ण करणारा माणूस. राष्ट्राध्यक्षांनीसुद्धा पोस्ट टाकली यावर. वर कुणीतरी टीमचा जीएम असल्याचं सांगून त्याला खोटा फोन केला, तो नंबर फाल्कन्सच्या कोचच्या घरातून बाहेर गेलेला. या वयाच्या पोराशी असं?

आकडेमोडे बाई तुम्हाला पटतंय का हे?

---

आकडेमोडे_बाई | २७ एप्रिल

फोन अजिबात पटत नाही. नंबरचं दोन भागात सांगते.

पहिल्या राऊंडात जाऊ नये असं मला वाटतच होतं, वर लिहिलंय का ते. हात मध्यम ताकदीचा, पळणं मध्यम, आणि ते मागे मागे सरकणं. अचूकता खरोखर पहिल्या दर्जाची. याची बेरीज माझ्या हिशोबात दुसऱ्या राऊंडाचा शेवट किंवा तिसरा.

१४४ हे मात्र खेळावरून नाही. एकदा टीमला वाटलं की हा आपला पहिला क्वार्टरबॅक नाही, राखीव आहे, की गणित बदलतं. राखीव माणूस शांत हवा, त्याच्यामागे कॅमेरे नकोत, रोज कोचला "पोरगं कधी खेळणार" विचारणारे पत्रकार नकोत. डिऑन सँडर्ससारख्या गाजलेल्या माजी खेळाडूचा मुलगा राखीव म्हणून घ्यायचा तर हे सगळं घरात येतं. त्यात इंटरव्ह्यू आवडले नाहीत अशा बातम्या. म्हणजे पहिल्या ६० नंबरांत नाही गेला तर मग पार खालपर्यंत पडायला मधे काही धरायला नाही. हे अन्यायाचं आहे का? थोडं आहे. पण ३२ जणांचा कट नाही, ३२ वेगवेगळ्या माणसांनी एकच भित्रा हिशोब केला.

---

तिरकस_तात्या | २७ एप्रिल

आणि घेतला कुणी, तर आधीच्या दिवशी ९४ व्या नंबरला डिलन गॅब्रिएल घेतलेल्या ब्राउन्सनी. डॉक्टर, तुमच्याकडे आता फ्लॅको, पिकेट, गॅब्रिएल, सँडर्स आणि पाय बांधलेला वॉटसन. पाच झाले, पुढच्या वर्षी क्वार्टरबॅकांचीच कबड्डीची टीम काढा.

---

हाडवैद्य | २८ एप्रिल

हसा हसा. गॅब्रिएलला मी तिसऱ्या राऊंडात घेतला नसता. सहा वर्षं कॉलेज, तीन कॉलेजं, ५ फूट ११, सगळं येतं पण जे येतं ते आत्ताच पूर्ण वाढलेलं आहे. शेडूर १४४ ला मात्र घ्यायलाच हवा होता, १६६ आणि १९२ देऊन वर सरकले, एवढ्यात मिळत असेल तर कुणीही घ्यावा. फक्त चार जणांना सरावाचे स्नॅप कसे वाटणार ते मला कळत नाही. चौथ्या नंबरच्या माणसाला कॅम्पमध्ये दिवसाला चार-पाच थ्रो मिळतात, त्यात काय ओळखणार तुम्ही.

---

नॅशव्हिलचा_नाना | २८ एप्रिल

हाच माझा मूळ मुद्दा आहे डॉक्टर. एप्रिलपर्यंत आपण पोराकडे बघतो, त्यानंतर टीमकडे बघायला हवं ते कुणी बघत नाही. महोम्स २०१७ ला दहावा गेला, टेक्सास टेकची फेकाफेकी म्हणून लोक बिचकत होते, एक वर्ष अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसला. जेडन डॅनियल्सबद्दल गेल्या वर्षी अगदी हेच, दबावाखाली फार सॅक होतो, आणि वॉशिंग्टन ४-१३ वरून १२-५. त्याला पळायला मोकळं सोडणारा ऑफेन्स मिळाला. (बाई, तुमचा आकडा तिथे फसला हे नोंदवून ठेवा.) आता वॉर्डच्या पुढे आमची जी लाइन उभी राहणार आहे ती बघून मला मोडलेल्या प्ले भरपूर बघायला मिळतील एवढं नक्की.

---

आकडेमोडे_बाई | २८ एप्रिल

नोंदवलं. एका खेळाडूने आकडा फसत नसतो, तात्यांनासुद्धा हेच सांगितलं होतं. डॅनियल्सचे पाय शेडूरकडे नाहीत.

---

रंकाळ्यावरचा | २९ एप्रिल

ज्यांना कुणीच घेतलं नाही त्यांचं काय? यादी कुठं लागती काय?

---

नॅशव्हिलचा_नाना | २९ एप्रिल

ड्राफ्ट संपल्या संपल्या फोनाफोनी सुरू होते आणि तिथे उलट पोरगं टीम निवडतं. म्हणून एजंट लोक सातव्या राऊंडाच्या शेवटी मनात म्हणतात आता घेऊ नका. कर्ट वॉर्नर, टोनी रोमो तिथलेच. प्रत्येक टीमच्या साइटवर दोन-चार दिवसांत नावं लागतात, टायटन्सची आली की इथेच टाकतो. त्यात एखादा टॅकल दिसला तर बापू, हाताची लांबी तुम्ही मोजा.